फिनलंडच्या देवांना चेहरे कुणी दिले?

एक चित्र आहे. काळ्याकुट्ट नदीचा काठ, दगडगोटे, मधेमधे हाडं आणि कवट्या, नदीत एक हंस, आणि काठावर एक तरणाताठा पोरगा मरून पडलाय. शेजारी त्याची आई. साध्या कपड्यातली, आयुष्यभर शेतात राबली असावी अशी. ती पोराकडे बघतच नाहीये, मान वर करून आभाळाकडे बघतेय आणि वरून सोनेरी उन्हाच्या बारीक रेघा खाली येतायत. बस, एवढंच. मी हे पहिल्यांदा मोबाईलवर बघितलं तेव्हा वाटलं की हे मेरी आणि येशूचं असणार, युरोपात मेलेला मुलगा आणि त्याची आई म्हटलं की दुसरं कोण असणार. पण ही मेरी नाही, ही लेमिन्काइनेन नावाच्या एका टग्याची आई आहे, आणि ती देवाची वाट बघत नाहीये. ती एका मधमाशीची वाट बघतेय.

गोष्ट अशी आहे. लेमिन्काइनेन म्हणजे फिनिश कथांमधला देखणा, भांडखोर, बायकांच्या मागे फिरणारा गडी. उत्तरेकडच्या पोह्योला नावाच्या थंड अंधाऱ्या मुलखात मुलगी मागायला गेला, तिथली मालकीण लौही, तिने अटीवर अटी घातल्या, शेवटची अट अशी की तुओनेलाच्या नदीतला हंस मारून आण. तुओनेला म्हणजे मेलेल्यांचा देश, त्या नदीला आपली वैतरणी समजा. हंस राहिला बाजूला, हाच मारला गेला आणि तुकडे होऊन नदीत पडला. घरी भिंतीवर त्याची फणी टांगलेली होती, तिच्यातून रक्त ठिबकायला लागलं तेव्हा आईला कळलं. मग ती बाई निघाली. लोहाराकडून लांब दांड्याचं दाताळं करून घेतलं, नदीचा तळ खरवडून काढला, पोराचा एकेक तुकडा गोळा केला, मांसाला मांस हाडाला हाड शिरेला शीर जोडली. देह तयार झाला पण बोलेना. म्हणून मधमाशीला मध आणायला पाठवलं, दोन खेपा वाया गेल्या, तिसऱ्या खेपेला ती आभाळाच्याही वर जाऊन मध घेऊन आली आणि पोरगा डोळे चोळत उठला, की बाबा किती वेळ झोपलो मी.

चित्रकाराने पोरगा उठलेला दाखवलेला नाही, मध लागायच्या आधीचा क्षण धरलाय. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या मूळ गाण्यांपैकी बऱ्याच गाण्यांत तो उठतच नाही, आईचे सगळे कष्ट फुकट जातात. म्हणजे ती जी वर बघतेय, तिला काय मिळणार हे चित्रात तरी नक्की नाही.

हे चित्र १८९७ सालचं, काढलं अक्सेली गालेन-काल्लेला याने, आता हेलसिंकीच्या आतेनेउम म्युझियममध्ये आहे. आईसाठी मॉडेल म्हणून बसली ती त्याची स्वतःची आई, माथिल्डा. आता कुणी म्हणेल त्यात काय, चित्रकार घरच्यांना बसवतातच. खरंय, पण इथे त्याला एक अडचण होती ती समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं होतं. अडचण ही की लेमिन्काइनेनची आई कशी दिसते हे कुणालाच माहीत नव्हतं. कारण फिनलंडच्या जुन्या देवांची, वीरांची, राक्षसांची बघून शिकावीत अशी जुनी चित्रंच नव्हती. मूर्ती नाहीत, कोरीव देवळं नाहीत, पोथ्यांमधली रंगीत पानं नाहीत. होती ती फक्त गाणी. आपल्याकडे राजा रवी वर्मा साधारण त्याच काळात घाटकोपरच्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचवत होते, पण त्यांच्या मागे हजार-दीड हजार वर्षांची मूर्तिकला उभी होती, लक्ष्मी कमळावर बसते हे त्यांना शोधून काढावं लागलं नाही. या माणसाला मात्र सगळंच शोधायचं होतं.

जुनं लिखाण म्हणाल तर तेही जेमतेम. १५५१ साली मिकाएल आग्रिकोला नावाच्या धर्मगुरूने फिनिश भाषेत स्तोत्रांचं पुस्तक काढलं, त्याच्या प्रस्तावनेत आपले लोक अजून कुठले कुठले खोटे देव पूजतात याची एक यादी दिली. तापिओ जंगलाचा, आह्ती पाण्याचा, इल्मारिनेन हवापाण्याचा, वगैरे. म्हणजे बिचारा नावं ठेवायला बसला आणि नावं टिकवून गेला. पण कोण कसा दिसतो, कुणाला किती हात, हातात काय, यातलं काही नाही.

मग पुढची जवळपास तीनशे वर्षं हे सगळं लोकांच्या तोंडात राहिलं. ही गाणी साधारण आठ अक्षरांच्या ओळीची, शेवटी यमक नाही पण ओळीत एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द एकापाठोपाठ, आणि एक गोष्ट सांगितली की पुढच्या ओळीत तीच जरा वेगळ्या शब्दांत परत. पाठ राहायला एकदम सोपं. साथीला कांतेले नावाचं मांडीवर ठेवून वाजवायचं तारांचं वाद्य, जुन्या कांतेलेला पाच तारा असायच्या.

एलियास लोनरोट हा शिंप्याचा मुलगा, शिकून डॉक्टर झालेला, उत्तरेकडच्या कायानी गावात सरकारी डॉक्टरकी करायचा. याला नाद गाणी गोळा करायचा. पायी, होडीने, बर्फात स्की घालून, एकूण अकरा दौरे केले, त्यातले महत्त्वाचे पूर्वेकडे रशियाच्या हद्दीतल्या कारेलियात. १८३४ साली लात्वायार्वी नावाच्या गावात त्याला आर्हिप्पा पेर्टुनेन हा गायक भेटला आणि म्हातारा तीन दिवस गात होता, हा लिहून घेत होता. या सगळ्यातून १८३५ मध्ये 'कालेवाला' हे महाकाव्य छापलं गेलं, आणि १८४९ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली, ५० सर्ग आणि २२,७९५ ओळी. आज जी वाचली जाते ती हीच. १८३५च्या पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेवर २८ फेब्रुवारीची तारीख आहे, त्या दिवशी फिनलंडमध्ये आजही झेंडे लावतात.

आता इथे एक फाटा आहे तो नीट बघा. लोनरोटने नुसती गाणी छापली नाहीत, जोडली. वेगवेगळ्या गावांची वेगवेगळ्या माणसांनी गायलेली सुटी गाणी घेऊन त्याने एक सलग कथा शिवली (शिंप्याचा मुलगा शेवटी), मधे टाके दिसू नयेत म्हणून काही ओळी स्वतः घातल्या. याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे आइनो. आइनो ही कालेवालातली सगळ्यात प्रसिद्ध मुलगी, पण हे नाव लोकगीतांत नव्हतंच. गाण्यात 'आइनो' हा शब्द एकुलती या अर्थाने यायचा, एकुलती लेक, एकुलती बहीण. लोनरोटने त्याचं विशेषनाम केलं. आणि मग फिनलंडमध्ये लोक आपल्या मुलींची नावं आइनो ठेवायला लागले, संगीतकार ज्याँ सिबेलियसच्या बायकोचं नाव आइनो, ती जन्मली १८७१ मध्ये. म्हणजे ऐकायला प्राचीन वाटणारं नाव, वय तेव्हा फार तर चाळीस वर्षं.

चित्रांचंही नेमकं हेच झालं, म्हणून हे सांगितलं.

कथेचा मुख्य माणूस वाइनामोइनेन. (नाव दोनतीनदा मोठ्याने म्हणा, मग जमतं.) हा योद्धा नाही, गायक आहे, गाण्याने जादू करणारा, आणि आईच्या पोटात सातशे वर्षं राहिल्यामुळे जन्मतःच म्हातारा. त्याची आई इल्मातार, वाऱ्याची मुलगी, समुद्रावर तरंगत होती तेव्हा एका बदकाने तिच्या गुडघ्याला बेट समजून त्यावर अंडी घातली, सहा सोन्याची एक लोखंडाचं, गुडघा भाजायला लागला म्हणून तिने हलवला, अंडी फुटली आणि त्यातून जग झालं. खालच्या कवचाची जमीन, वरच्याचं आभाळ, बलकाचा सूर्य, पांढऱ्याचा चंद्र. हिरण्यगर्भ आठवतो ना.

तर अशा माणसाचं चित्र काढायचं कसं? सुरुवातीच्या लोकांनी सोपा रस्ता धरला. १८१४च्या सुमाराला एरिक काइनबेर्ग या शिल्पकाराने तुर्कूच्या विद्यापीठासाठी वाइनामोइनेन वाद्य वाजवतोय असं उठावशिल्प केलं, आणि पुढे रॉबर्ट विल्हेल्म एकमन या चित्रकाराने तोच विषय बरेचदा रंगवला. ही कामं बघितली की कळतं की यांच्या डोक्यात ग्रीक पुराण आहे. झगा, वाऱ्यावर उडणारी दाढी, भोवती प्राणी मंत्रमुग्ध, म्हणजे ऑर्फियस या ग्रीक पुराणातल्या गायकाच्या हातात कांतेले दिलंय फक्त. त्यांचाही दोष नाही, आर्टस्कूलमध्ये देव म्हणजे ग्रीक देव एवढंच शिकवलेलं.

गालेन-काल्लेलाने काय वेगळं केलं ते आइनोच्या चित्रात दिसतं, आणि त्याने ते दोनदा काढल्यामुळे फरक डोळ्यासमोर येतो. कथा आधी. योउकाहाइनेन नावाचा एक आगाऊ पोरगा वाइनामोइनेनशी गाण्याची पैज लावतो, म्हातारा गाऊन गाऊन त्याला दलदलीत गळ्यापर्यंत रुतवतो, तेव्हा जीव वाचवायला हा म्हणतो माझी बहीण तुला देतो. बहिणीला कुणी विचारत नाही. आई तर खूश, एवढा मोठा जावई. आइनो रडते, समुद्रावर जाते आणि बुडून मरते. पुढे म्हातारा मासे पकडत असताना एक विचित्र मासा गळाला लागतो, तो सुरी काढून कापायला जातो तेवढ्यात मासा सटकतो आणि पाण्यातून म्हणतो, मी मासा नाही, आइनो आहे, तुझी होण्यासाठी आले होते पण तुला कळलं नाही.

याची पहिली आवृत्ती त्याने १८८९ मध्ये पॅरिसमध्ये रंगवली, वय चोवीस. तीन फळ्यांचं चित्र, चर्चमध्ये वेदीमागे असतं तसं, डावीकडे जंगलातली भेट, उजवीकडे किनाऱ्यावर रडणारी आइनो, मधे होडीतून झेपावणारा म्हातारा आणि हातातून निसटणारी मुलगी. म्हणजे ख्रिस्ती देव्हाऱ्याची चौकट आणि आत बिगरख्रिस्ती गोष्ट. पण त्याला स्वतःलाच ते पटलं नाही. १८९० मध्ये लग्न झालं, बायको मेरी आणि मित्र लुई स्पारे यांना घेऊन तो कारेलियात गेला (हनिमूनला मित्र कशाला हे मला विचारू नका), तिथली लाकडी घरं, कपडे, चेहरे, झाडं बघितली, आणि १८९१ मध्ये तेच चित्र परत काढलं. आतेनेउममध्ये आहे ते हे दुसरं.

त्या काळात हे वेडच होतं, लेखक, चित्रकार, फोटोग्राफर, संगीतकार सगळे कारेलियात जायचे, सिबेलियससुद्धा १८९२ मध्ये हनिमूनला तिकडेच गेला. इन्हा नावाच्या फोटोग्राफरने १८९४ मध्ये तिथले गायक आणि घरं कॅमेऱ्यात धरली. यांचा समज असा की कारेलियात काळ थांबलाय, तिथे जे दिसतं ते प्राचीन फिनलंड. हा समज भाबडा होता, कारेलियातले शेतकरी हे एकोणिसाव्या शतकातलेच शेतकरी होते, पण चित्रकारांना त्यातून कपडे मिळाले, होडीचा आकार मिळाला, बर्चच्या सालीच्या टोपल्या मिळाल्या. आणि यातले बरेचजण घरी स्वीडिश बोलणारे होते हेही लक्षात घ्या. अक्सेलीचं जन्मनाव ॲक्सेल गालेन, ते बदलून त्याने फिनिश वळणाचं करून घेतलं ते १९०७ मध्ये. म्हणजे स्वतःची नसलेली भाषा आणि स्वतःचा नसलेला प्रांत घेऊन ही मंडळी 'आपलं' काहीतरी बनवत होती.

माझं खरं मत सांगू, आइनोचं चित्र मला फार आवडत नाही. पाणी, दगड, झाडं सगळं फोटोसारखं हुबेहूब आणि त्यात एक उघडी मुलगी, ती मासा आहे हे कुठे जाणवतच नाही. जादूची गोष्ट इतकी खरीखुरी काढली की जादू उडून जाते. मला वाटतं त्यालाही हे कळलं होतं, पण तो बदलला त्यामागे दुसरंही काही होतं.

१८९५ मध्ये तो बर्लिनला होता, तिथे नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याच्याबरोबर त्याचं प्रदर्शन होतं, आणि घरी फिनलंडमध्ये त्याची छोटी मुलगी मार्यात्ता घटसर्पाने गेली. तो परत आला. त्यानंतरची चित्रं बघा, वेगळ्याच माणसाची वाटतात. तेलरंगाची चकाकी गेली, टेंपरा आला, म्हणजे तेलाऐवजी अंड्यासारख्या गोष्टीत कालवलेला कोरडा, मॅट रंग. सावल्या कमी झाल्या, आकारांना जाड बाह्यरेषा आल्या, रंग सपाट झाले, जपानी छापचित्रांसारखे किंवा चर्चच्या रंगीत काचांसारखे. आता हुबेहूब दिसण्याची गरजच उरली नाही, आणि जादू परत आली.

या बदलानंतरचं पहिलं मोठं चित्र म्हणजे १८९६चं 'साम्पोचं रक्षण', तुर्कूच्या म्युझियममध्ये आहे. साम्पो म्हणजे काय हे समजावणं ही गंमतच आहे कारण ते कुणालाच धड माहीत नाही. कालेवालात ती एक जादूची चक्की आहे, इल्मारिनेन लोहाराने हंसाच्या पिसाचं टोक, वांझ गाईचं दूध, एक जवाचा दाणा आणि मेंढीची लोकर एवढ्या सामानातून घडवलेली, एका बाजूने पीठ, एका बाजूने मीठ, एका बाजूने पैसा दळणारी. अभ्यासकांनी तिचे आभाळाचा खांब इथपासून खजिन्याची पेटी इथपर्यंत अर्थ लावलेत. ती लौहीकडे असते, वाइनामोइनेन आणि मंडळी चोरून आणतात, लौही पाठलाग करते, तिचं जहाज फुटतं तेव्हा ती कोयत्यांची नखं करते, मोडक्या जहाजाचे पंख करते, आणि प्रचंड पक्षी होऊन पंखांखाली सैनिक घेऊन होडीवर झडप घालते. भांडणात साम्पो समुद्रात पडून फुटते. कुणालाच मिळत नाही.

चित्रात ही झडप आहे. एका बाजूला बाईचा चेहरा आणि प्रचंड पक्ष्याचं अंग असलेली लौही, दुसऱ्या बाजूला पांढरी दाढी उडवत तलवार उगारलेला वाइनामोइनेन. आता गंमत बघा, काव्यात वाइनामोइनेन तलवार चालवत नाही, तो होडीचं वल्हं उचलून तिच्या नखांवर हाणतो. चित्रकाराने वल्ह्याची तलवार केली. दिसायला जोरदार दिसतं हे मान्य, पण गाणाऱ्या म्हाताऱ्याचा त्यामुळे सेनापती झाला, आणि आज जगभरात लोकांच्या डोळ्यासमोर येतो तो हाच तलवारवाला. एका ब्रशच्या फटकाऱ्याने काव्य मागे पडलं.

आणि सेनापती हवा होता हेही खरं. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनकडे, नंतर रशियाच्या झारकडे, स्वतःचं सेनेट वगैरे असलेला पण झारच्या हाताखालचा प्रांत. फेब्रुवारी १८९९ मध्ये झार निकोलस दुसरा याने जाहीरनामा काढून फिनलंडच्या स्वायत्ततेवर कात्री चालवली. त्याच वर्षी गालेन-काल्लेलाने 'कुल्लेर्वोचा शाप' रंगवलं. कुल्लेर्वो हा सगळ्यात काळा धागा आहे कालेवालाचा, गुलाम म्हणून वाढलेला अनाथ पोर, मालकीण त्याच्या भाकरीत दगड भाजून देते, त्यावर त्याची सुरी मोडते, आणि ती सुरी बापाची एकमेव आठवण. चित्रात तो रानात उभा राहून मूठ आवळून शाप देतोय. त्या वर्षी ती मूठ कुणावर उगारलीय हे सांगायला लागत नव्हतं. पुढे हाच कुल्लेर्वो न ओळखता स्वतःच्या बहिणीबरोबर झोपतो, सूड घेतो आणि स्वतःच्या तलवारीवर पडून मरतो, राष्ट्रीय हिरो म्हणून हे अवघडच प्रकरण, पण सिबेलियसने १८९२ मध्येच त्याच्यावर भलीमोठी सिंफनी करून ठेवली होती.

मग १९०० सालचं पॅरिसचं जागतिक प्रदर्शन. फिनलंड देश नाही, पण त्याचा स्वतंत्र मंडप उभा राहिला, गेसेलियुस, लिंडग्रेन आणि सारिनेन या तीन तरुण आर्किटेक्टनी बांधलेला, आणि आत घुमटावर गालेन-काल्लेलाची चार भित्तिचित्रं. त्यासाठी तो दोन वर्षं आधी इटलीत जाऊन ओल्या गिलाव्यावर रंगवायचं तंत्र बघून आला होता. त्यातल्या एका चित्रात इल्मारिनेन सापांनी भरलेलं शेत नांगरतोय, ही गोष्ट मूळ काव्यातलीच, लौहीने घातलेली अट. पण नीट बघितलं तर एका सापाच्या डोक्यावर झारच्या घराण्याचा मुकुट आहे. प्रदर्शन संपलं, मंडप पाडला, चित्रंही गेली. १९२८ मध्ये त्याने ती हेलसिंकीच्या राष्ट्रीय म्युझियमच्या छतावर परत काढली, दारातून आत शिरून मान वर केली की दिसतात अशी. तोवर फिनलंड स्वतंत्र होऊन अकरा वर्षं झाली होती, सापाचा मुकुट आता नुसता इतिहास.

स्वातंत्र्यानंतर नव्या देशाची मानचिन्हं, गणवेश, पदकं यांची डिझाइनंही बरीचशी त्यानेच केली. पांढऱ्या गुलाबाचं जे मोठं पदक आहे त्याच्या गळ्यातल्या साखळीत त्याने स्वस्तिकं घातली होती, १९१९ साली, शुभचिन्ह म्हणून. पुढे जर्मनीने त्या चिन्हाचं जे करून ठेवलं त्यानंतर पंचाईत व्हायला लागली आणि १९६३ मध्ये ती काढून देवदाराच्या फांद्यांचा क्रॉस घातला. आपल्या उंबऱ्यावर रोज काढलं जाणारं चिन्ह तिथे असं अडचणीत आलं.

एवढं सगळं एकाच माणसाबद्दल झालं, पण मला त्याच्या शिष्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ह्युगो सिम्बेर्ग. गालेन-काल्लेलाच्या रुओवेसीच्या जंगलातल्या स्टुडिओत राहून शिकला, पण वीर, तलवारी, साम्पो या भानगडीत पडला नाही. त्याने घेतली खेड्यातली भुतंखेतं, छोटे सैतान, मृत्यू, थंडी. फिनिश लोकांच्या रोजच्या समजुतीत प्रत्येक जागेचा एक राखणदार असतो, घराचा, गोठ्याचा, वाफेच्या न्हाणीघराचा सुद्धा, आपल्याकडे कोकणात राखणा असतो तसंच काहीसं. सिम्बेर्गची चित्रं त्या जातीची, लहान आकाराची, जलरंगातली, पोराच्या वहीतली वाटावी अशी.

१८९५चं त्याचं 'हाल्ला' बघा. हाल्ला म्हणजे उन्हाळ्यात अवेळी पडणारं हिम, जे एका रात्रीत उभं पीक मारतं. त्याने ते पांढरट, मोठ्या कानांचं, शेतात बसलेलं एक जनावर काढलंय, शांतपणे फुंकर मारतंय. बघून हसू येतं. पण १८६७-६८ मध्ये अशाच थंडीने पीक गेलं आणि त्या दुष्काळात फिनलंडची साधारण आठ टक्के माणसं मेली, चित्र निघालं तेव्हा ते बघितलेले लोक जिवंत होते. हे कळल्यावर ते मोठे कान वेगळेच दिसायला लागतात.

आणि १८९६ची 'मृत्यूची बाग'. काळे डगले घातलेले तीन सांगाडे कुंडीतल्या झाडांना पाणी घालतायत, एकाने एक फूल छातीशी धरलंय. मृत्यू म्हणजे माळी. भीती नाही, नाटक नाही. हेच चित्र पुढे त्याने तांपेरेच्या चर्चमध्ये भिंतीवर मोठं करून काढलं, १९०४ ते ०६, तिथेच छतावर तोंडात सफरचंद धरलेला साप काढला आणि लोक चिडले. १९०३चा त्याचा 'जखमी देवदूत', दोन साधी पोरं स्ट्रेचरवरून डोळ्याला पट्टी बांधलेल्या देवदूताला नेतायत, एक पोरगं रागाने आपल्याकडे बघतंय. याचा अर्थ काय ते त्याने सांगायला नकार दिला. २००६ मध्ये आतेनेउमने लोकांना फिनलंडचं राष्ट्रीय चित्र निवडायला सांगितलं तेव्हा लोकांनी तलवारवाला वाइनामोइनेन निवडला नाही, हे निवडलं.

गाणी गाणाऱ्यांचं काय झालं हेही थोडं. इंग्रिया प्रांतातली लारिन पारास्के ही बाई, जन्म १८३३, हजारो ओळी पाठ. १८९१ मध्ये पोर्वो गावात सिबेलियस तिला ऐकायला गेला, १८९३ मध्ये आल्बेर्ट एडेलफेल्टने आणि एरो यार्नेफेल्टने तिची चित्रं काढली, म्हणजे बड्या बड्या लोकांनी. चित्रातली ती सुरकुतलेली, डोळे मिटून गाणारी बाई पौराणिक वाटते. खरी पारास्के १९०४ मध्ये गरिबीतच मेली. चित्रांनी तिला प्राचीन करून टाकलं आणि ती मात्र शेजारच्या गावात कर्जात होती.

नंतरच्यांबद्दल भराभर सांगायचं तर योसेफ आलानेन नावाच्या, लवकर गेलेल्या चित्रकाराने कालेवालाचे प्रसंग अगदी चपटे, जवळजवळ कार्टूनसारखे रंगवले, ते आवर्जून शोधा. आणि १९९२ मध्ये माउरी कुन्नासने मुलांसाठी अख्खं कालेवाला कुत्र्यांना घेऊन काढलं, त्यात गालेन-काल्लेलाची चित्रं जशीच्या तशी, फक्त माणसांच्या जागी कुत्रे, लांडगे आणि मांजरं. फिनिश पोरं ते आधी बघतात आणि म्युझियममध्ये मूळ चित्र बघून हसतात म्हणे, स्वाभाविक आहे.

एक राहिलं. वर म्हटलं की जुनी चित्रंच नव्हती, ते तेव्हाच्या माहितीप्रमाणे. नंतर सापडली. साइमा तलावाच्या भागात आस्तुवनसाल्मी इथे कड्यावर लाल रंगाने काढलेले सांबरासारखे मोठे एल्क, माणसं, होड्या, हाताचे ठसे, हजारो वर्षांपूर्वीचे, आणि त्यात धनुष्य घेतलेली एक बाई, हे १९६८ मध्ये उजेडात आलं. पण फिनलंडमधलं सगळ्यात पहिलं असं चित्र सापडलं १९११ मध्ये, हेलसिंकीजवळच्या विट्रॅस्क तलावाकाठी, आणि ते सापडलं सिबेलियसला. तोपर्यंत साम्पो, आइनो, लेमिन्काइनेनची आई, सगळ्यांचे चेहरे ठरून गेले होते. त्याच तलावाच्या काठी पॅरिसचा मंडप बांधणारे ते तीन आर्किटेक्ट घर बांधून राहिले होते, प्राचीन फिनलंडची नक्षी कागदावर रेखाटत. कड्यावर सापडलं त्यात देव नाही, वीर नाही, लाल रंगात काढलेल्या जाळीसारख्या आकृत्या आहेत.